‘सवय झाली की अंग तापत नाही’ : एमडीच्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात एका जुन्या विद्यार्थ्याने मला व्हॉट्सॲपवर एक मजकूर पाठवला. खाली त्याची एकच ओळ होती : ‘मॅडम, आमच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. खरं आहे का हे?’

मजकूर लांबलचक आहे. थोडक्यात सांगायचं तर असं म्हटलंय : एमडी या नशेच्या पदार्थाला उगाच बदनाम केलंय. पहिल्या दोन-चार वेळा अंग तापतं, छाती धडधडते, मग बॉडी सेट होते. रेग्युलर घेणाऱ्याला काही होत नाही. एसीत बसा, पाणी पीत राहा, फारच वाटलं तर पॅरासिटामॉल घ्या. फक्त माल शुद्ध पाहिजे. एनर्जी वाढते, चरबी जळते. आणि मरणाबिरणाच्या ज्या गोष्टी सांगतात त्या सगळ्या उंदरांवरच्या आहेत, माणसाला लागू नाहीत. शेवटी ‘हे सायन्स आहे, पुढे पाठवा’.

मी २२ वर्षं फार्मसी कॉलेजात फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधं शरीरात काय करतात ते, शिकवते. या मजकुरात माझ्याच विषयातले शब्द वापरलेत, काही ठिकाणी अर्धं खरंही आहे, आणि तो ज्यांच्या हातात पडतोय ती मुलं १९-२० वर्षांची आहेत. म्हणून त्याला फोनवर दोन वाक्यांत उत्तर न देता हे सविस्तर लिहिते आहे.

आधी नावाचा घोळ. आपल्याकडे ‘एमडी’ म्हणजे बहुतेक वेळा मेफेड्रोन, ‘म्याव म्याव’. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते आपल्या अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंडजवळच्या कुरकुंभ एमआयडीसीतून पुणे पोलिसांनी शेकडो किलो पकडलं तेही हेच. एक्स्टसीच्या गोळीत असतं ते एमडीएमए वेगळं, पण दोघं चुलतभाऊच. ॲम्फेटामिन, मेथॅम्फेटामिन हेही याच कुळातले. कोकेन रसायन म्हणून वेगळं असलं तरी शरीराच्या तापमानाशी तेही जवळपास तसाच खेळ करतं. त्यामुळे पुढे उदाहरणं या सगळ्यांची येतील.

‘सवय झाली की बॉडी सेट होते’

यावर सगळ्यात जास्त बोलायला हवं, कारण बाकीचे मुद्दे यावरच उभे आहेत.

फार्मसीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ॲक्टोफोटोमीटर माहीत असतो. झाकण असलेली चौकोनी पेटी, आत आडवे-उभे प्रकाशाचे किरण, बाहेर आकडा दाखवणारा काउंटर. लहान पांढरा उंदीर आत सोडला की तो इकडून तिकडे जाताना किरण तुटतो आणि आकडा एकाने पुढे सरकतो. आता हा प्रयोग बहुतेक ठिकाणी संगणकावर दाखवतात, पण मी शिकत होते तेव्हा खरे उंदीर असायचे. झोपेचं औषध दिलेला उंदीर कोपऱ्यात बसून राहायचा, काउंटर जागचा हलायचा नाही. कॅफीन दिलेल्याचा आकडा टकटक पळायचा.

याच पद्धतीने जगभरच्या प्रयोगशाळांत ॲम्फेटामिन आणि कोकेन वारंवार देऊन पाहिलं गेलंय. तोच डोस, तोच उंदीर, मधे एखाद्या दिवसाचा खाडा. सवय होत असेल तर पाचव्या-सातव्या वेळी आकडा कमी यायला हवा. येतो तो जास्त. तेवढ्याच औषधाने जनावर पहिल्यापेक्षा जास्त पळतं. याला सेन्सिटायझेशन म्हणतात, म्हणजे सवयीच्या बरोबर उलट. डोस चढवत नेला तर पळणं थांबून वेगळंच काही सुरू होतं : एकाच जागी उभं राहून हुंगत राहणं, मान हलवत राहणं, जाळी कुरतडत राहणं. तासन् तास.

एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करते. काही बाबतींत सवय होते. मेथॅम्फेटामिनचा डोस हळूहळू वाढवत नेला तर उंदराचं तापमान पहिल्याइतकं चढत नाही, असं प्रयोगांत दिसलंय. मजकूर लिहिणाऱ्याने बहुधा असंच काहीतरी कुठेतरी वाचलं असावं. पण माणूस हळूहळू, मोजून-मापून, ठरल्या वेळी घेत नाही. सगळ्यात आधी सवय होते ती मजेची. पहिल्या पुडीत जे वाटलं ते दहावीत वाटत नाही, म्हणून डोस वाढतो. त्यात मेफेड्रोनचा अंमल दोन-तीन तासांत ओसरतो, म्हणून एकाच रात्री पुन्हा पुन्हा ओढलं जातं. मजा घटते म्हणून मात्रा वाढते, आणि तापमान मात्रेच्या मागे जातं. मधे महिना-दोन महिने खाडा पडला तर जी काही सवय झाली होती ती उतरते, पण हाताला जुनाच मोठा डोस आठवत असतो.

‘पळणं वाढलं तर बिघडलं काय’ असं कुणी म्हणेल. स्नायू जी ऊर्जा खर्च करतात त्यातली साधारण तीन चतुर्थांश उष्णता म्हणून बाहेर पडते. हालचाल वाढली की भट्टी पेटली. सवयीने औषधाचा मजेचा भाग बोथट होतो आणि हालचालीचा भाग धारदार होतो. ‘बॉडी सेट होते’ म्हणतात ते हे आहे.

माणसात हे कसं दिसतं

माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी मला त्यांच्या मुलाबद्दल सांगितलं. मे महिना होता. रात्री दोनला त्या पाणी प्यायला उठल्या तर त्याच्या खोलीत दिवा. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर मिक्सर पूर्ण उघडलेला. स्क्रू आकारानुसार रांगेत लावलेले. तो एक रांग लावायचा, मोडायचा, पुन्हा लावायचा. पंखा बंद, कारण वाऱ्याने कागद उडतो. बनियन घामाने चिकटलेलं. ‘झोप रे’ म्हटलं तर वर न बघता म्हणाला, ‘आई, झालंच.’ त्यांनी त्याचा हात धरून पाहिला. हात गार लागला. ‘मला वाटलं, ताप तर नाही. मग मी झोपायला गेले,’ असं त्या म्हणाल्या. पहाटे तो पडला तेव्हा आयसीयूत नेऊन मोजलेलं तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या वर होतं. लघवी काळ्या चहासारखी. स्नायू विरघळून त्यांचा रंग मूत्रपिंडात अडकला होता. काही आठवडे डायलिसिस झालं. मुलगा वाचला.

एका कामात तासन् तास अडकून पडण्याला वैद्यकात नाव आहे, ‘पंडिंग’. स्वीडनमध्ये फेनमेट्राझिन नावाचं उत्तेजक घेणाऱ्यांची ही आपसातली बोली होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला गोस्टा रायलँडर या स्वीडिश मनोविकारतज्ज्ञाने ती वैद्यकीय लिखाणात आणली. जाळी कुरतडणारा उंदीर आणि स्क्रू लावणारा मुलगा यांच्यात मेंदूच्या दृष्टीने फार अंतर नाही.

आणि तो गार हात. ही औषधं शरीरातलं नॉरॲड्रेनॅलिन हे रसायन वाढवतात. त्याने कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, गरम रक्त कातडीपर्यंत पोचत नाही, उष्णता बाहेर टाकण्याचा रस्ताच बंद होतो. आत भट्टी आणि बाहेर गार हात, असं एकाच वेळी होऊ शकतं. त्या बाईंची यात काहीही चूक नव्हती. आपण सगळेच हात किंवा कपाळ बघून ताप ठरवतो. इथे ती खूण फसवी असते.

‘मला काही होत नाही, म्हणजे काही होत नाहीये’

मजकुरात हे वाक्य शब्दशः नाही, पण ‘रेग्युलर घेणाऱ्याला काही होत नाही’ याचा अर्थ तोच.

२००२ मध्ये अमेरिकेत क्रँडॉल आणि सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांना अगदी थोडं कोकेन नाकातून देऊन त्यांना हळूहळू तापवलं. घाम उशिरा सुरू झाला, कातडीत रक्त कमी आलं आणि आतलं तापमान जास्त चढलं. पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं : त्यांना गरमही कमी वाटलं. शरीर जास्त तापलेलं आणि जाणीव कमी. उन्हातून सावलीत जा, शर्ट काढ, बस, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, कारण उकडतं. उकडणंच बंद पडलं तर माणूस उठून सावलीत जाणार कशाला?

२००५ मध्ये सायकलपटूंवर असाच एक प्रयोग झाला. औषध होतं ब्युप्रोपिऑन, जे डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही मेंदूतली रसायनं वाढवतं. ३० अंशांच्या खोलीत ते औषध घेतलेले खेळाडू जास्त जोरात सायकल चालवू शकले. नऊपैकी सात जणांचं आतलं तापमान ४० अंशांना पोचलं किंवा ओलांडून गेलं. औषध नसलेल्या गोळीवर तसे दोघेच होते. आणि किती दमलात, किती उकडतंय, या प्रश्नांवरची उत्तरं दोन्ही वेळा जवळपास सारखीच.

प्रयोगशाळेबाहेर याची किंमत टॉम सिम्पसनने मोजली. १३ जुलै १९६७, टूर द फ्रान्स, माँ व्हाँतूचा उघडाबोडका डोंगर, भर उन्हाळा. ब्रिटनचा हा नावाजलेला सायकलपटू शिखर जवळ आलेलं असताना तोल जाऊन पडला, पुन्हा सायकलवर बसला, थोडं पुढे जाऊन पुन्हा पडला आणि गेला. शवविच्छेदनात ॲम्फेटामिन आणि दारू सापडली. तो काही नवशिका नव्हता. १९६५ चा जगज्जेता होता, शरीर कमावलेलं, उन्हाची आणि चढाची सवय असलेलं. शरीर थांब म्हणत होतं ते त्याला ऐकू येत नव्हतं.

मी वर्गात हे शिकवते तेव्हा कुणीतरी हमखास विचारतं, की मग नेहमी घेणाऱ्यांतले सगळेच का मरत नाहीत? सगळे मरत नाहीत हे खरंच आहे. प्रयोगशाळेत, शांत बसलेल्या माणसाला, माफक डोस दिला तर एमडीएमएने तापमान साधारण अर्धा-एक अंश चढतं, एवढंच. पण त्या अर्ध्या-एक अंशावर गर्दी, दमट हवा, चार तासांचं नाचणं, दुसरी-तिसरी पुडी आणि बंद पडलेली जाणीव अशी भर पडत जाते. त्यातली कोणती भर शेवटची ठरेल, हे आधी कळण्याचा मार्ग नाही. नेहमीच्या माणसाला शंभर वेळा काही झालं नाही, यावरून एकशे एकाव्या वेळचं काहीच कळत नाही.

‘एसीत बसा’

मजकूर म्हणतो की उंदरांवरचं माणसाला लागू नाही. पण गारव्यात धोका नसतो ही समजूत उंदरांवरच्या प्रयोगांतूनच घट्ट झालेली आहे. १९९८ मध्ये माल्बर्ग आणि सायडन यांनी दाखवलं की खोलीचं तापमान जरा बदललं तरी एमडीएमए दिलेल्या उंदराचं तापमान पार बदलतं : गार खोलीत ते उतरतं, २८-३० अंशांच्या खोलीत चढतं. मेफेड्रोनने तर काही जातींच्या उंदरांत तापमान चढण्याऐवजी घटतं. मग माणसाचं काय? २००५ मध्ये फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांना १८ अंशांच्या आणि ३० अंशांच्या खोलीत एमडीएमए दिलं. दोन्ही खोल्यांत आतलं तापमान वाढलं. उंदीर लहान असतो, त्याची उष्णता चटकन निघून जाते. आपलं अंग मोठं, आणि वर आकसलेल्या रक्तवाहिन्या. म्हणजे उंदीर आणि माणूस यांत फरक आहे हे खरं, फक्त तो फरक मजकुराच्या विरुद्ध बाजूला जातो.

गरम हवेने धोका वाढतो, यात मात्र दोघांत फरक नाही. न्यूयॉर्क शहरातल्या १९९० ते १९९२ च्या मृत्यूंचा हिशोब १९९८ मध्ये छापून आला. ज्या दिवशी कमाल तापमान ३१.१ अंश किंवा जास्त होतं, त्या दिवशी कोकेनच्या अतिसेवनाने होणारे मृत्यू इतर दिवसांपेक्षा सरासरी ३३ टक्क्यांनी जास्त. ३१ अंश! मुंबईत डिसेंबरातही दुपारी एवढं असतं. नागपूर-चंद्रपूरचा मे तर बोलायलाच नको. आणि मुंबईच्या दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता ओघळतो. ओघळलेला घाम अंग थंड करत नाही, थंड करतं ते त्याचं सुकणं.

गर्दीचं तर फार जुनं ठाऊक आहे. १९४० मध्ये गन आणि गर्ड यांना आणि १९४६ मध्ये चान्स यांना दिसलं की एकट्या पिंजऱ्यातला उंदीर ॲम्फेटामिनचा जो डोस पचवतो, त्याहून कितीतरी कमी डोसने दाटीवाटीच्या पिंजऱ्यातले उंदीर मरतात. शंभर जण दाटलेल्या हॉलमध्ये एसी चालू आहे, यावर कुणी विसंबून राहू नये.

पाणी, पॅरासिटामॉल, शुद्ध माल

पाण्याने तहान भागते, पण गिळलेल्या पाण्याने आतली भट्टी विझत नाही. उलट एमडीएमए मेंदूतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सोडायला लावतं, त्यामुळे लघवी रोखली जाते आणि प्यायलेलं पाणी अंगातच साठतं. रक्तातलं सोडियम पातळ होतं, मेंदू सुजतो. १९९५ मध्ये इंग्लंडच्या एसेक्समध्ये स्वतःच्या अठराव्या वाढदिवसाच्या पार्टीत एका मुलीने एक गोळी घेतली आणि ‘पाणी पीत राहा’ हा सल्ला मनापासून पाळला. दीड तासात सुमारे सात लिटर. ती त्याने गेली. तहान लागेल तसं थोडं थोडं पिणं वेगळं आणि उपाय म्हणून बाटल्या रिचवणं वेगळं.

पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. फ्लू-मलेरियाच्या तापात मेंदूच स्वतःचा थर्मोस्टॅट वर चढवतो आणि पॅरासिटामॉल तो खाली आणतं. इथे थर्मोस्टॅट जागेवर आहे, भट्टीच जास्त पेटली आहे आणि खिडक्या बंद आहेत. शिवाय खूप तापलेल्या शरीरात यकृतालाही मार बसतो, त्यावर पॅरासिटामॉलचं ओझं कशाला?

शुद्धतेबद्दल एवढंच. वर सांगितलेल्या प्रयोगांत माणसांना आणि उंदरांना जे दिलं ते शंभर नंबरी औषध होतं. त्यात भेसळ नव्हती. तापमान चढवतं ते खुद्द औषध. पुडीत आणखी काय काय असतं हा त्यावरचा वेगळा धोका.

‘चरबी जळते’

हो, इंधन जळतं. पण त्याची तऱ्हा बघा. पेशीतला मायटोकॉण्ड्रिया अन्न जाळून ऊर्जा साठवतो. जळणं आणि साठवणं यांची जोडणी सुटली की जळणं चालूच राहतं, साठवण होत नाही, सगळी नुसती उष्णता होते. २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनात स्नायूंमधलं यूसीपी-३ नावाचं प्रथिन नसलेले उंदीर एमडीएमएच्या जीवघेण्या तापातून वाचले होते. तापाचा मोठा भाग या सुटलेल्या जोडणीतून येतो, असं त्यातून दिसतं. मुद्दाम जोडणी सोडवून वजन उतरवण्याचा प्रयोग जगाने एकदा करून पाहिलाय. १९३० च्या दशकात अमेरिकेत डायनायट्रोफेनॉल बारीक होण्यासाठी खपायचं. माणसं खरोखर बारीक झाली. काहींना मोतीबिंदू झाला, काही आतून तापून मेली, आणि १९३८ मध्ये ते बंद करावं लागलं. जिमच्या नावाखाली एमडी विकणारा ज्याला फॅट बर्न म्हणतो, ते हेच.

‘उंदरांवरचं आहे’

क्रँडॉल, फ्रीडमन, सायकलपटू, न्यूयॉर्क, सिम्पसन. यात उंदीर एकही नाही. आणि सेन्सिटायझेशन? तेही माणसांत पाहिलंय. २००६ मध्ये छापून आलेल्या कॅनडातल्या अभ्यासात निरोगी तरुणांना ॲम्फेटामिनचे फक्त तीन डोस एक दिवसाआड दिले. दोन आठवड्यांनी, आणि नंतर पुन्हा एका वर्षाने, तोच डोस देऊन मेंदूचं स्कॅनिंग केलं. डोपामिन पहिल्यापेक्षा जास्त सुटलं. तीन डोस, आणि वर्षभर टिकलेला बदल. तो मजकूर ज्या मुलांपर्यंत पोचतोय त्यांना मला हीच गोष्ट सगळ्यात आधी सांगायची आहे.

कुणी तापलेलं दिसलं तर

गोंधळलेला आहे, बडबडतोय, जबडा आवळतोय, अंग ताठ होतंय, घाम फुटलाय किंवा उलट अचानक थांबलाय : हात गार असले तरी १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत जास्तीचे कपडे काढा, अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा, बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघांत ठेवा. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात पाणी घालू नका, कुशीवर वळवा. चौघांनी दाबून धरू नका, झटापटीने तो आणखी तापतो. हॉस्पिटलमध्ये आतलं तापमान मोजतात, स्नायू शांत करणारी औषधं देतात, बर्फात गार करतात. वेळेत पोचलेली बरीच मुलं वाचतात.

कायद्याची भीती असते, ती मी समजू शकते. पण सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या प्रकरणात स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनीवर खटला न चालवण्याची तरतूद याच कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये आहे. व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. पुण्यात मुक्तांगणसारखी संस्था १९८६ पासून हेच काम करते आहे.

आणि डॉक्टरांना काय घेतलं, किती घेतलं, कधी घेतलं ते सांगा. मिक्सर उघडून बसलेल्या त्या मुलाला दाखल केलं तेव्हा सोबत आलेला मित्र ‘बाहेरचं काहीतरी खाल्लं’ एवढंच सांगत राहिला. एमडी हा शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडायला चार तास गेले, तेही मूत्रपिंडं बंद पडली असं डॉक्टरांनी सांगितल्यावर.